अजगराच्या पिल्लाचा नव्या घरातील पहिला महिना

'अजगर' हा शब्द ज्याने प्रथम घडविला, त्याच्या डोळ्यांसमोर एक प्रचंड व भयंकर जनावर उभे असले पाहिजे. अज म्हणजे बोकड आणि त्याला गिळणारा तो अजगर. महाभारताच्या वनपर्वात नहुष राजा शापाने अजगर होऊन पडतो व भीमासारख्या वीराला आपल्या वेटोळ्यात जखडून ठेवतो. युधिष्ठिराने त्याच्या प्रश्नांना योग्य उत्तरे दिली, तेव्हा कोठे भीमाची सुटका झाली. भागवताच्या अकराव्या स्कंधात मात्र अवधूताने आपल्या चोवीस गुरूंमध्ये या प्राण्याची गणना केली आहे. जे आपण होऊन समोर येईल तेवढ्यावर तृप्त राहावे आणि काही न आले तर स्वस्थ पडून राहावे, हा धडा त्याने अजगरापासून घेतला. नहुषाची कथा अधिक रंजक खरी. पण प्राण्याचे निरीक्षण म्हणून पाहिले तर आमचा कौल अवधूताच्या बाजूने आहे. तो का, हे पुढे दिसून येईल.

या विषयाकडे आम्ही वळलो ते वर्गातील एका विद्यार्थिनीच्या प्रश्नामुळे. तिची मावशी इंग्लंडातील स्विंडन शहरी राहते. गोव्यातून गेलेली कितीतरी कुटुंबे त्या शहरी स्थायिक झालेली आहेत, हे आपल्या वाचकांस सांगावयास नकोच. मावशीच्या बारा वर्षांच्या मुलाला आईवडिलांनी अजगराचे एक पिल्लू आणून दिले. पंधरा दिवस झाले तरी पिल्लू काही खाईना. मुलगा रडकुंडीला आला, मावशीचा जीव टांगणीला लागला, आणि फोनवरून ती चिंता थेट आमच्या वर्गात येऊन पोहोचली. "सर, ते मरेल का?" असे त्या मुलीने विचारले. अधिक चौकशी केल्यावर कळले की, मुलगा रोज सायंकाळी पिल्लू बाहेर काढून मित्रांना दाखवीत असे, आणि त्याला एकटे वाटू नये म्हणून त्याची पेटी दिवाणखान्यात दूरदर्शन संचाशेजारी ठेवलेली होती.

पिल्लू मरत नव्हते. ते भ्यालेले होते. भ्यालेल्या सापाला भूक लागत नाही. एवढे सांगून तो प्रश्न मिटविता आला असता. पण एखाद्या मुक्या जिवाला नवे घर आपलेसे व्हावे यासाठी माणसाने काय करावे, आणि विशेषतः काय करू नये, हा विषय आम्हाला पाठ्यपुस्तकातील 'सरीसृप' या प्रकरणाहून अधिक शिकविणारा वाटला. म्हणून हा लेखनप्रपंच.

मात्र एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. आपल्या रानात आढळणारा अजगर घरी पाळणे हा भारतात गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला, बसविले आहे. त्याला पकडणाऱ्यास वा मारणाऱ्यास तीन ते सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. परदेशातून आणलेल्या प्राण्यांसही आता मोकळे रान नाही. कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर, आंतरराष्ट्रीय करारान्वये ज्या जातींच्या व्यापारावर नियंत्रण आहे अशा जातींचा प्राणी बाळगणाऱ्याने त्याची सरकारदरबारी नोंद करणे बंधनकारक झाले आहे. तेव्हा हा लेख वाचून कोणी काजूच्या बागेत पिल्लू शोधावयास निघू नये.

स्विंडनच्या घरातील पिल्लू आपल्याकडील अजगराचे नव्हतेच. ते पश्चिम आफ्रिकेतील एका लहान जातीचे होते. इंग्लंडात तिला 'रॉयल पायथन', म्हणजे राज-अजगर, म्हणतात, तर अमेरिकेत 'बॉल पायथन'. दुसरे नाव तिच्या स्वभावावरून पडले आहे. संकट आले की हा साप चावावयास धावत नाही; तो डोके मध्ये घालून स्वतःभोवती इतके घट्ट वेटोळे करतो की त्याचा अक्षरशः चेंडू होतो. बोकड गिळण्याची तर गोष्टच सोडा. पूर्ण वाढलेली मादी चार ते पाच फूट भरते, नर त्याहून लहान. आणि अंड्यातून नुकतेच बाहेर पडलेले पिल्लू हातभरही नसते. त्याचे वजन पन्नास ते ऐंशी ग्रॅम, म्हणजे एखाद्या कोंबडीच्या अंड्याएवढे! गडद तपकिरी अंगावर मधाच्या रंगाचे ठिपके, सडपातळ मान, आणि काळेभोर डोळे असे त्याचे रूप असते.

सेनेगलपासून पूर्वेकडे युगांडापर्यंतच्या गवताळ प्रदेशात आणि शेताच्या कडेला ही जात आढळते. दिवस उंदीर-घुशींच्या बिळात किंवा वाळवीच्या ओसाड वारुळात काढावयाचा आणि रात्री भक्ष्यासाठी बाहेर पडावयाचे, हा तिचा नित्यक्रम. बेनिन या देशात (१९७५ पर्यंत त्याचे नाव डाहोमे होते) विदा नावाचे किनाऱ्यावरील एक शहर आहे. तेथे या सापांचे एक देऊळ आहे आणि त्याच्या समोरच कॅथलिक पंथाचे भव्य चर्च उभे आहे. गोव्यातील वाचकास हे शेजार मुळीच नवलाचे वाटणार नाही. त्या देवळातील साप कोणी मारीत नाही. एखादा कोणाच्या घरात शिरलाच तर त्याला आदराने उचलून परत आणून सोडतात. नायजेरियातील इग्बो लोकांतही अजगराविषयी असाच पूज्यभाव आहे. चिनुआ अचेबे यांच्या १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' या कादंबरीत पवित्र अजगर मारल्याच्या आरोपावरून सारे गाव ढवळून निघते, ते त्यामुळेच. आणि त्याच भूभागातील घाना, टोगो व बेनिन या देशांतून दरवर्षी या जातीची पिल्ले मोठ्या संख्येने विमानाने अमेरिकेस व युरोपास रवाना होतात. कित्येकदा गाभण माद्या किंवा अंडी रानातून आणून, तेथेच पिल्ले फोडवून ती पाठविली जातात. म्हणून इंग्लंडातील जाणती मंडळी सांगतात की पिल्लू घ्यावयाचेच तर तेथेच पाळलेल्या जोडीचे, खाते झालेले आणि किती वेळा जेवले याची नोंद असलेले घ्यावे.

आता या पिल्लाच्या दृष्टीने नव्या घराचा विचार करू. रानात त्याच्या जन्मापासून शत्रू टपलेले असतात: शिकारी पक्षी, मुंगसाच्या जातीचे प्राणी, मोठे साप. त्याला एकच विद्या ठाऊक असते, ती म्हणजे अंगाला चहूबाजूंनी टेकेल अशा अरुंद, अंधाऱ्या जागेत दडून राहणे. म्हणून आपणास ऐसपैस वाटणारी, स्वच्छ, उजेडाची, मोकळी काचपेटी हे त्याला घर वाटत नाही. भर माळावर टाकून दिल्यासारखे वाटते. पेटी मोठी असण्यास हरकत नाही, पण तीत आडोसे हवेत. निदान दोन ढोल्या पाहिजेत, एक उबेच्या टोकाला आणि एक गारव्याच्या टोकाला. नारळाची मोठी करवंटी तोंड पाडून पालथी घातली तरी लहान पिल्लाला ती पुरते. ढोली केवढी असावी? वेटोळे घालून बसल्यावर पाठ भिंतीला टेकेल एवढीच. दोन ढोल्यांच्या दरम्यान सुकी पाने, लाकडाची साल, झाडाची फांदी असे काही पसरावे, म्हणजे एकीतून दुसरीकडे जाताना त्याला उघड्यावरून जावे लागत नाही. पेटीच्या तीन बाजूंना बाहेरून जाड कागद चिकटविला तर आणखी उत्तम.

दोन ढोल्या कशासाठी, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. आपले शरीर अन्नातून स्वतःची उष्णता निर्माण करते. सापाला ती बाहेरून घ्यावी लागते. ऊब हवी तर तो उबदार जागी जातो, नको तर सावलीत सरकतो. हीच त्याची शरीराची उष्णता राखण्याची रीत. पेटीत एकच ढोली असेल तर त्याला दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते: ऊब की सुरक्षितता. भ्यालेले पिल्लू सुरक्षितता निवडते आणि गारठून पडते. गारठले की पोटातील अन्न पचत नाही, आणि न पचलेले अन्न पोटात सडते. म्हणून उबेच्या टोकाला ३१ ते ३३ अंश सेल्सियस आणि गारव्याच्या टोकाला २५ ते २७ अंश तापमान राखतात. आपल्याकडे वर्षातील पुष्कळ दिवस हे तापमान घराच्या ओसरीवरच मिळेल. पण इंग्लंडात बाहेर बर्फ पडत असताना ते विजेच्या साधनाने राखावे लागते. त्या साधनाला तापनियंत्रक जोडलेला असणे अत्यावश्यक आहे. सापाला आपले पोट भाजत आहे हे वेळीच उमजत नाही. तापलेल्या पृष्ठभागावर तो तसाच पडून राहतो आणि अंगावर व्रण उठतात. तापमान हाताने चाचपून ठरवू नये. दोन्ही टोकांना तापमापक ठेवावा.

हवेतील दमटपणाची गोष्टही अशीच. या सापाला ५० ते ६० टक्के आर्द्रता मानवते, कात टाकण्याच्या दिवसांत त्याहून थोडी अधिक. आपल्या कोकणपट्टीत पावसाळ्यात चपलांनाही बुरशी येते, तेथे हा प्रश्न कोणाला पडणार नाही. पण थंड देशांत घर तापविण्याच्या यंत्रांमुळे हवा शुष्क होते. पाण्याचे एक जड, न कलंडणारे भांडे ठेवावे आणि पाणी रोज बदलावे. झाकण पक्क्या खिट्टीचे असावे, कारण बोटभर जाडीचे पिल्लू फटीतून निसटण्यात मोठे तरबेज असते. ज्याला 'सुस्त' म्हणून आपण शिवीवजा नाव दिले, तो रात्री झाकणाचा एकेक कोपरा नाकाने दाबून पाहत असतो.

हे सारे पिल्लू घरी येण्यापूर्वी, निदान दोन-तीन दिवस आधी, सिद्ध असावे. पुष्कळ लोक नेमके उलट करतात. प्राणी आधी आणतात आणि मग त्याच्यासमोर खटपट चालते.

पिल्लू आणले, पेटीत सोडले, झाकण लावले. आता काय करावयाचे? काहीच नाही. येथेच माणसाची खरी परीक्षा लागते. किमान एक आठवडा त्याला हात लावू नये, बाहेर काढू नये, ढोली उचलून 'आहे ना' असे पाहूसुद्धा नये. पाणी बदलावे, घाण दिसली तर तेवढी उचलावी आणि दूर व्हावे. बारा वर्षांच्या मुलाला हे किती कठीण वाटत असेल! त्याने किती दिवस वाट पाहिलेली असते. त्याला ते हातात धरावयाचे असते, मित्रांना दाखवावयाचे असते. कुत्र्याच्या पिल्लाशी तो खेळेल तर ते पिल्लू त्याला लवकर ओळखू लागेल. सापाच्या बाबतीत हा हिशेब चालत नाही. उचलणारा हात प्रेमाचा की घारीच्या पंजाचा, हे कळण्याचे कोणतेही साधन त्या पिल्लापाशी पहिल्या आठवड्यात नसते. वरून येऊन आपणास जमिनीपासून सोडविणारी प्रत्येक वस्तू त्याच्या लेखी मृत्यूच असते.

त्याची ज्ञानेंद्रिये कशी आहेत हे पाहिले म्हणजे यातील मर्म ध्यानात येईल. सापाला बाहेरचे कान नसतात; म्हणून तो ठार बहिरा, असे पूर्वी समजले जाई. २०१२ साली याच जातीच्या सापांवर झालेल्या प्रयोगांत असे दिसले की, हवेतून आलेल्या ध्वनीने त्याच्या कवटीला जो कंप सुटतो तो त्याला जाणवतो. आणि सेकंदाला सुमारे ८० ते १६० कंपनांचे खर्जातील ध्वनी त्याला सर्वांत चांगले कळतात. आता दूरदर्शन संचाशेजारच्या त्या पेटीची कल्पना करा. दार आपटले, ढोलकीचा ठेका सुरू झाला, कोणी जिन्यावरून धावत आले, की ते सारे त्याच्या हाडांत उतरते. त्याच्या ओठांवर लहान लहान खळगे असतात. त्यांनी त्याला उष्णता 'दिसते', आणि मिट्ट काळोखातही उबदार अंगाचा उंदीर कोठे आहे हे समजते. आपला हातही उबदारच असतो. दुभंगलेली जीभ बाहेर काढून तो हवेतील गंधकण टिपतो आणि टाळूवरील एका इंद्रियापाशी नेऊन त्यांची पारख करतो. नव्या घरात पहिल्या दिवशी त्याला जे गंध मिळतात, त्यांपैकी एकही त्याच्या ओळखीचा नसतो. रोज पेटी धुऊन पुसून लख्ख करणारे लोक, नकळत का होईना, त्याचा स्वतःचा जो थोडासा वास तेथे रुजलेला असतो, तोही नाहीसा करतात. स्वच्छता हवी, पण पहिल्या महिन्यात ती बेताने असावी.

सात-आठ दिवसांनी पहिले भोजन द्यावे. येथे आमच्या काही वाचकांना, विशेषतः शाकाहारी घरांतील बालवाचकांना, थोडे जड जाईल. पण सत्य लपविण्यात अर्थ नाही. साप भात खात नाही, नागपंचमीला दिलेले दूधही त्याचे अन्न नव्हे. या पिल्लाला नुकतेच केस आलेले उंदराचे पिल्लू लागते. इंग्लंडात मारून गोठविलेले उंदीर दुकानातून विकत मिळतात. ते हळूहळू वितळवून, कोमट पाण्यात ऊब आणून, लांब चिमट्याने सायंकाळनंतर मंद उजेडात ढोलीच्या तोंडाशी धरावयाचे. जिवंत उंदीर सोडण्याची पद्धत वाईट. एक तर ती क्रूर आहे. आणि दुसरे असे की, न भुकेल्या सापाला उंदीरच कुरतडून जखमी करतो. भक्ष्याची जाडी सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाएवढी असावी. ऊब कमी पडली तर सापाला ते भक्ष्य दिसतच नाही, कारण तो ते ओठांनी 'पाहत' असतो.

खाल्ले तर उत्तमच. न खाल्ले तर? तर अर्ध्या-पाऊण तासाने ते मुकाट्याने उचलून टाकावे आणि पुन्हा आठवडाभर नाव काढू नये. स्विंडनच्या घरी चूक झाली ती येथे. पिल्लू खात नाही म्हणून रोज नवा उंदीर, रोज नवी युक्ती, रोज त्याला उचलून तोंडाशी नेणे असा क्रम चालला होता. काळजी जितकी वाढे तितका उपद्रव वाढे, आणि उपद्रव वाढे तितके ते वेटोळे घट्ट होई. आम्ही त्यांना कळविले की पेटी माणसांची फारशी ये-जा नसलेल्या खोलीत हलवा, वरून कापड टाका, दुसरी ढोली ठेवा आणि दहा दिवस ती विसरून जा. मावशीचा पहिला प्रश्न आला: "दहा दिवस उपाशी?" आईचे अंतःकरण ते! पण आपल्या पोटाच्या मापाने सापाचे पोट मोजून चालत नाही. बाराव्या रात्री त्या पिल्लाने पहिला घास घेतला. मुलगा त्या वेळी दाराआड श्वास रोखून उभा होता, असे त्याच्या बहिणीने आम्हाला मोठ्या कौतुकाने सांगितले.

अवधूताचे निरीक्षण येथे पटते. या जातीचे प्रौढ साप निरोगी असतानाही कधीकधी कित्येक महिने अन्नाला तोंड लावीत नाहीत. लहान पिल्लाच्या अंगी तेवढा साठा नसतो, म्हणून स्वयंपाकघरातील नव्हे, पण तसल्याच एका काट्यावर आठवड्यातून एकदा त्याचे वजन करून वहीत लिहून ठेवावे. वजन स्थिर असेल तर धीर धरावा. ते सतत उतरू लागले, किंवा पिल्लू तोंड उघडे ठेवून श्वास घेऊ लागले, नाकातोंडातून बुडबुडे आले, श्वासाला शिटीसारखा आवाज येऊ लागला, तर मात्र धीर हा गुण नव्हे. त्याच दिवशी सरीसृपांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्यावे.

भोजनानंतर दोन दिवस तरी हात लावावयाचा नाही. या नियमामागील कारण मोठे विस्मयकारक आहे. ब्रह्मदेशी अजगरावर केलेल्या अभ्यासात २००५ साली असे आढळले की, मोठे भक्ष्य गिळल्यापासून ४८ तासांत त्याच्या हृदयाचा मुख्य भाग सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. आतडी, यकृत, मूत्रपिंडे हीदेखील मोठी होतात आणि पचन संपले की पुन्हा लहान होतात. उपवासाच्या काळात जी गिरणी बंद पडलेली असते, ती एका घासासरशी सर्व चाकांनिशी सुरू होते! वरून पाहणाऱ्याला मात्र तो 'सुस्त पडलेला' दिसतो. अशा वेळी त्याला घाबरविले तर तो गिळलेले भक्ष्य ओकून टाकतो, कारण पोट रिकामे असल्याशिवाय त्याला पळता येत नाही. ओकण्याबरोबर पोटातील पाचक रसही जातात आणि घशाला इजा होते. असे घडल्यास पुढील दहा ते चौदा दिवस काही देऊ नये आणि नंतर नेहमीपेक्षा लहान घास द्यावा.

पहिल्या महिन्यात बहुधा एकदा तरी कात पडते. आधी अंगाची चमक जाते, पोट किंचित गुलाबी दिसते, डोळ्यांवर निळसर धुके येते. त्या दिवसांत त्याला नीट दिसत नाही, म्हणून ते अधिकच भित्रे असते व बहुधा खात नाही. काही दिवसांनी डोळे पुन्हा निवळतात आणि त्यानंतर कात ओठापासून उलटत, पायमोज्यासारखी अखंड निघून येते. तुकडे तुकडे पडले तर हवा कोरडी आहे असे समजावे. डोळ्यांवरची कात नखाने काढावयास जाऊ नये.

लागोपाठ दोन-तीन वेळा ते नीट जेवले म्हणजे मगच हाती घेण्यास आरंभ करावा. आरंभी पाच मिनिटे, आठवड्यातून दोन-तीन वेळा, तेही पायरीपायरीने. वरून झडप घालू नये. बाजूने, खालून हात नेऊन शरीराच्या मध्यभागाला आधार द्यावा, आणि मग ते एका हातावरून दुसऱ्या हातावर आपल्या मर्जीने सरकू द्यावे. डोक्याला हात लावू नये. हाताला उंदराचा वास असता कामा नये. नंतर साबणाने हात स्वच्छ धुवावेत, कारण सरीसृपांच्या अंगावर सालमोनेला हे रोगजंतू असू शकतात. जेवणाच्या मेजावर सापाला कधीही सोडू नये.

पाळलेला साप मालकावर प्रेम करू लागतो का? आमच्या विद्यार्थिनीनेही हे विचारले होते. आमच्या समजुतीप्रमाणे उत्तर नकारार्थी आहे. तो सवयीने हात सहन करू लागतो, त्या वासापासून आपणास धोका नाही एवढे त्याला कळते, आणि तो चेंडू होणे सोडून देतो. काहींना हे फार थोडे वाटेल. आम्हाला ते थोडे वाटत नाही. ज्याला जगातील प्रत्येक हलत्या वस्तूचे भय, त्याने कोणा एकाच्या तळहातावर वेटोळे सैल करून जीभ बाहेर काढावी, यात त्या जिवाने पुष्कळच दिलेले असते.

पण पालकांनी मुलाच्या हट्टासमोर 'हो' म्हणण्यापूर्वी आणखी एक हिशेब करावा. हा साप वीस-तीस वर्षे सहज जगतो. अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात एक ४७ वर्षे जगला. सेंट लुई येथील प्राणिसंग्रहालयात १९६१ पासून असलेल्या एका मादीने २०२० साली, वयाची साठी उलटल्यावर, सात अंडी घातली आणि तीही वर्षानुवर्षे नराचा सहवास नसताना! बारा वर्षांचा मुलगा चाळिशीला येईल तेव्हाही त्याच्या घरी तो साप असेल. मुलगा महाविद्यालयात दूरगावी जाईल तेव्हा उंदीर वितळवून कोण देणार, हा प्रश्न मावशीने आजच स्वतःला विचारावा. इंग्लंडच्या २००६ च्या प्राणिकल्याण कायद्याने सोळा वर्षांखालील मुलांना प्राणी विकण्यास मनाई केली आहे, तिच्यामागे हाच दूरवरचा विचार असावा.

तो विचार न केल्यास काय घडते, हे फ्लोरिडात दिसले. तेथे हौसेने आणलेले ब्रह्मदेशी अजगर मोठे होऊन डोईजड झाले. काहींनी ते रानात सोडले, काही निसटले, आणि एव्हरग्लेड्सच्या दलदलीत त्यांनी वंश वाढविला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले की, अजगर पसरण्यापूर्वीच्या काळाच्या तुलनेने तेथे रॅकून हा प्राणी दिसण्याचे प्रमाण ९९.३ टक्क्यांनी, ओपॉसम ९८.९ टक्क्यांनी आणि बॉबकॅट हे रानमांजर ८७.५ टक्क्यांनी घटले होते. त्याच वर्षी अमेरिकेने या अजगराच्या आयातीवर बंदी घातली. दोष अजगराचा नव्हता. त्याला तेथे कोणी नेले, हा प्रश्न आहे.

त्याच दलदलीत झालेला दुसरा एक प्रयोग आपणासही उपयोगी आहे. सहा अजगर पकडून, अंगात संदेशयंत्र बसवून, त्यांच्या ठिकाणापासून २१ ते ३६ किलोमीटर दूर नेऊन सोडले. त्यांपैकी पाच महिनोन् महिने सरपटत आपल्या मूळ जागेच्या पाच किलोमीटरांच्या आत परत आले. २०१४ साली हे प्रसिद्ध झाले, तोपर्यंत सापाला दिशेचे इतके भान असेल असे कोणास वाटले नव्हते. म्हणजे बिळे, पाणी, उन्हाची जागा यांसह सापाचे एक घर असते आणि ते त्याच्या लक्षात असते.

पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या खेड्यांतून कोंबड्यांच्या खुराड्यात किंवा विहिरीत अजगर सापडल्याची वार्ता अधूनमधून येते. लोक गोळा होतात, काठ्या निघतात, आणि अलीकडे छायाचित्रे काढण्यासाठी त्याला गळ्यात घालणारे शूरही निघतात. तो आपला भारतीय अजगर. विषारी नाही, पण चावला तर मागे वळलेल्या दातांनी खोल जखम होते, आणि आठ-दहा फुटांच्या अजगराचे वेटोळे हा खेळ नव्हे. अशा वेळी मुलांनी दहा-बारा हात दूर उभे राहावे, कुत्री बांधावीत, त्याचा बाहेर पडण्याचा मार्ग अडवू नये आणि वडीलधाऱ्यांकरवी वनखात्यास कळवावे. त्यांची माणसे त्याला पोत्यात घालून नेतात आणि तपासून रानात सोडतात. ते रान शक्य तितके जवळचे असावे, असा आग्रह गावकऱ्यांनी अवश्य धरावा. खुराड्याला बारीक जाळी ठोकली आणि कोंबडीचे दाणे रात्री उघडे ठेवले नाहीत तर उंदीर येणार नाहीत, आणि उंदीर आले नाहीत तर त्यांच्या मागावर येणारा हा पाहुणाही बहुधा पुन्हा त्या वाटेने येणार नाही.